किंकाळीची उंची

खुर्चीमागच्या भिंतीवर एका डोक्याची रेघ उमटली होती. भिंत मूळची फिकट हिरवी. तिच्यावर वर्षानुवर्षं हेअरस्प्रेचा फवारा बसत गेला आणि त्याचा पिवळट, किंचित चिकट थर तयार झाला. मधोमध, जिथे फवारा केसांना अडायचा, तिथे भिंत स्वच्छ राहिली. नीट पाहिलं तर रेघ एक नव्हती, एकात एक अशा तीन-चार होत्या. सगळ्यात बाहेरची घमेल्याएवढी रुंद, तिच्या आतली जरा लहान, आणि अगदी आतली साध्या माणसाच्या डोक्याएवढी. बाहेर थर जाड होता, आत येईल तसा पातळ. केस कसे कमी होत गेले याचा हिशेब भिंतीनं कुणी न सांगता ठेवला होता. आता केसांचा टोप खिडकीतल्या लाकडी ठोकळ्यावर बसवून फवारला जाई, त्यामुळे भिंतीचं काम थांबलं होतं.

खुर्चीत बसलेल्या माणसाला सगळे झुंबर म्हणत. बायकोसुद्धा. बँकेतली सही सोडली तर त्याचं पाळण्यातलं नाव आता कुणाच्या उपयोगाचं उरलं नव्हतं. वय एकसष्ट. चाळीस वर्षं तो एकाच बँडचा गायक होता, आणि हा बँड ग्लॅम मेटल वाजवायचा. म्हणजे कानठळ्या बसवणाऱ्या गिटारी, काजळानं भरलेले डोळे, आभाळाला टेकणारे केस, आणि रात्रीच्या हायवेवरून दिसतील असे कपडे. ते कपडे पहिल्या दिवसापासून त्याच्या मोठ्या बहिणीनं, ताईनं शिवले होते. टोपही तीच बसवायची.

"मान सरळ ठेव," ताई तोंडातल्या पिना सांभाळत म्हणाली.

"टोप आवळतोय."

"टोप तेवढाच आहे. पोस्टर लागल्यापासून डोकं मोठं झालंय."

"पोस्टरवर चाळीस वर्षांपूर्वीचा फोटो छापलाय. मी कशाला फुगू?"

"तेच म्हणते. दुसऱ्याच्या फोटोवर फुगू नये." तिनं कानामागे एक पिन खोचली. "मग काय सांगणार आहेस त्याला?"

"कुणाला?"

"वेड पांघरू नकोस. आयोजकाला."

झुंबरनं आरशात स्वतःचा एक डोळा बारीक करून काजळाची रेघ तपासली. ती सरळ होती. हात अजून थरथरत नव्हता आणि या गोष्टीचा त्याला अभिमान होता.

आयोजकाला उद्या उत्तर द्यायचं होतं. पहिल्या रेकॉर्डला चाळीस वर्षं होत असल्यानं तो मोठा दौरा काढायला निघाला होता. गेल्या वीस वर्षांत असा दौरा बँडच्या वाट्याला आला नव्हता. अट एकच. 'पारा' हे गाणं रोज झालं पाहिजे, आणि 'पारा'च्या शेवटची किंकाळी मूळच्या उंचीवर झाली पाहिजे. लोक तिच्यासाठीच येतात, असं आयोजकाचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. झुंबर गेले तीन महिने त्याला "सांगतो, सांगतो" म्हणत होता. बँडमधले बाकीचे तिघे काही विचारत नव्हते. पण ड्रमवाला ढोल्या आजकाल झुंबरला स्वतः चहा आणून द्यायला लागला होता, आणि ढोल्या कुणासाठी उठून चहा आणेल असा माणूस नव्हता.

किंकाळी आता तेवढ्या उंचीवर जात नव्हती, हा खरा मुद्दा होता. गळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला पडद्यावर त्याचेच स्वरतंतू दाखवले होते. आजार काही नव्हता. वयानं ते जाड झाले होते, पूर्वीइतके ताणले जात नव्हते, एवढंच. "खाली गा," बाई म्हणाल्या होत्या. "खालच्या अंगाला तुमचा आवाज चांगला भरलाय. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांना तो हवा असतो." झुंबर बाईंना "बघू" म्हणाला आणि घरी येऊन मधपाणी प्यायला लागला. त्याची बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. तिनं दोन दिवस मधाची बाटली उतरताना पाहिली आणि म्हणाली, "माझ्याकडे अशी माणसं येतात. नंबर बदललेला असतो, पण जुनाच चष्मा पुसून पुसून घालतात."

गेल्या आठवड्यातल्या तालमीत आवाज फाटला. अगदी वर जाऊन, जिथे काचेसारखा लखलखीत सूर लागायचा, तिथे नुसती हवा आली. चौघेही आपापल्या बुटांकडे पाहत राहिले. मग ढोल्यानं विचारलं, "चहा सांगायचा का?" आणि विषय संपला.

त्याच संध्याकाळी झुंबर साउंडवाल्याला एकटं गाठून म्हणाला होता, "मूळ रेकॉर्डवरची किंकाळी काढून ठेव. मी डावा हात वर केला की सोडायची. हात वर नाही गेला तर सोडू नकोस. आणि हे आपल्या दोघांत."

साउंडवाल्यानं मान डोलावली होती. चांगल्या साउंडवाल्यांना पोटात ठेवता येतं.

"गप्प बसलास म्हणजे ठरवलेलं नाहीस," ताई म्हणाली आणि टोप दोन्ही हातांनी हलवून पाहिला. डोकं हललं, टोप जागचा हलला नाही. "ऊठ. कोट घाल."

कोट दाराला टांगलेला होता. आरशाच्या तुकड्यांचा. मूळ कोटाचं कापड केव्हाच विरलं होतं. ताईनं दोनदा नवं कापड आणि तीनदा अस्तर लावलं होतं, पण काचा त्याच होत्या. त्या वडिलांच्या कारखान्यातल्या.

*

वडील आरसे बनवायचे. काच कापायची, कड घासायची, पाठीवर चांदीचा मुलामा चढवायचा, त्यावर रंग. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, तिच्यात सतत पाण्याची धार आणि दगडाच्या चाकाची घरघर. ताई आणि झुंबर दोघंही त्या घरघरीच्या वर आवाज चढवून बोलायला शिकले. झुंबरचा गळा तिथेच तयार झाला, असं तो पुढे मुलाखतींत सांगायचा. ताईचाही तिथेच तयार झाला होता, पण तिची कुणी मुलाखत घेतली नाही.

विशीतल्या मुलानं शेजारच्या तीन पोरांबरोबर बँड काढला आणि पहिल्या कार्यक्रमासाठी वडिलांच्या भंगाराच्या पेटीतून आरशाचे तुकडे उचलले. ताईनं ते जुन्या कोटावर शिवले, प्रत्येक तुकड्याला चारी बाजूंनी दोऱ्याची चौकट करून. संध्याकाळी तो कोट घालून बाहेर पडताना वडील चाकावरून न उठता म्हणाले, "हे काय, झुंबर होऊन कुठे निघालास?" दारात उभ्या असलेल्या गिटारवाल्यानं ते ऐकलं आणि तासाभरानं स्टेजवर त्याच नावानं ओळख करून दिली. हा गिटारवाला म्हणजे खिळा. तेव्हाही तो खिळ्यासारखा होता आणि आजही आहे. वजनाच्या काट्याला त्याचा पत्ता लागत नाही.

त्या पहिल्या कार्यक्रमात 'पारा' शेवटी होतं. शेवटच्या ओळीला झुंबरनं जोशात डावा हात वर केला, आणि काखेजवळचा एक तुकडा, ज्याची कड घासलेली नव्हती, त्याच्या कातडीत घुसला. तो किंचाळला. खरोखर किंचाळला. ती किंकाळी कुठल्याच तालमीत नव्हती, पण ती नेमकी गाण्याच्या वरच्या सुरावर लागली आणि समोरची शंभरेक माणसं वेडी झाली. खिळ्याला वाटलं, झुंबरनं हे गुपचूप बसवलंय. तो पुढे येऊन जोरजोरात वाजवायला लागला. कोटाच्या आत रक्त ओघळत होतं आणि बाहेर टाळ्या थांबत नव्हत्या.

घरी ताईनं जखम धुतली. वडिलांनी कोट उचलला, उजेडात धरला आणि कारखान्यात नेला. सकाळी तो जेवणाच्या टेबलावर पडलेला होता. ताईची शिवण उसवून प्रत्येक तुकड्याची कड घासून गोल केलेली होती, आणि सगळे तुकडे एका बशीत रचून ठेवलेले होते. "शिवायला लाग," ते ताईला म्हणाले. मग मुलाकडे वळले. "ओरडायचं असेल तर तुझं तू ओरड. माझ्या काचेनं नको."

त्यानंतर तो स्वतःहून ओरडला. पुढच्या कार्यक्रमाला लोक किंकाळीसाठीच आले, म्हणून त्यानं ती परत मारली, आणि त्यापुढच्याला पुन्हा. रेकॉर्ड निघाली. बँडला मोठी गाडी आली, मग गाडीच्या मागे सामानाचा ट्रक आला. स्टेजवर धूर सोडायचं यंत्र आलं. त्या धुरात एकदा मुका म्हणजे बेसवाला स्टेजवरून खाली पडला आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. तो खालूनच वाजवत राहिला. मुलींच्या खोल्यांत झुंबरचे फोटो लागले, आणि मुलांच्याही, पण मुलं ते कपाटाच्या आतल्या बाजूला लावत. त्याच दिवसांत चष्म्याच्या दुकानातल्या एका मुलीनं त्याचे डोळे तपासताना विचारलं, "काजळ जरा कमी लावाल का? पापण्यांना सूज आहे." इतक्या सरळ आवाजात त्याच्याशी कुणी बोललं नव्हतं. त्यानं काजळ कमी केलं नाही, पण लग्न केलं.

मग फॅशन बदलली. एका वर्षात झालं सगळं. लोकांना मळके सदरे घालून जमिनीकडे पाहत गाणारी पोरं आवडायला लागली. बँडनं फर्निचरच्या दुकानांची उद्घाटनं केली. प्रवासी जहाजावर जेवणाच्या वेळी वाजवलं, तिथे "जरा हळू" अशी चिठ्ठी आली. खिळ्यानं गिटार शिकवायला घेतलं. ढोल्यानं टायरचं दुकान टाकलं आणि मागची खोली तालमीला ठेवली. मुका काय करत होता ते त्यानं कधी सांगितलं नाही. पण एकही वर्ष असं गेलं नाही की चौघं कुठेतरी 'पारा' वाजवायला उभे राहिले नाहीत. आणि आता, ज्यांनी कपाटाच्या आत फोटो लावले होते ती मुलं पन्नाशीची झाली होती, त्यांच्याकडे वेळ आणि हौस होती, आणि ती उघडपणे टोप घालून पहिल्या रांगेत उभी राहायला लागली होती.

*

मालगोदामांमागच्या मैदानावर त्या दिवशी कार्यक्रम लवकर सुरू झाला. ऊन उतरत होतं आणि झुंबरच्या कोटावरून उडालेले कवडसे समोरच्यांच्या कपाळांवरून फिरत होते. त्याला हे आवडायचं. पाच-सहा हजार माणसं, आणि तो जरा वळला की तेवढ्या कपाळांवर उजेड सरकतो.

पहिल्याच गाण्याला त्याच्या लक्षात आलं की आज गळा मोकळा आहे. दुसऱ्याला आणखी मोकळा. जिथे गेल्या वर्षभर टाचा उचलाव्या लागत, तिथे आवाज पायरी चढल्यासारखा सहज जात होता. मधपाणी, त्याला वाटलं. बाई उगाच घाबरवतात. तो मध्येच खिळ्याच्या खांद्याला खांदा लावून गायला, ढोल्याच्या दिशेनं ओठांचा चंबू करून त्यानं चुंबन फेकलं. ढोल्यानं ते काठीनं टोलवलं. तिघेही त्याच्याकडे पाहून हसत होते. जरा जास्तच हसत होते, पण हे त्याला नंतर सुचलं.

'पारा' सुरू झालं तेव्हा त्यानं मनाशी ठरवलं की हात वर करायचा नाही. आज गरजच नाही. आज आपली आपण मारायची.

शेवटची ओळ आली. त्यानं पाय फाकले, पोट आत घेतलं आणि किंकाळी सोडली. ती लागली. भरदार, रुंद, जमिनीपासून उठलेली. आणि त्याच क्षणी त्याला दिसलं की आपला डावा हात वर गेलेला आहे. चाळीस वर्षं तो त्याच ओळीला वर गेला होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानंही कुणाला विचारलं नाही.

साउंडवाल्यानं सांगितल्याप्रमाणे केलं. मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या भल्यामोठ्या स्पीकरांतून वीस-एकवीस वर्षांच्या मुलाची किंकाळी निघाली, आणि ती झुंबरच्या किंकाळीपेक्षा अर्ध्या सुरानं वर होती.

दोन सूर एकमेकांपासून खूप लांब असले तर कानाला चालतं. अगदी एक असले तर उत्तमच. अर्ध्या सुराचं अंतर मात्र सगळ्यात वाईट. दोन्ही आवाज एकमेकांना घासतात आणि त्यातून तिसराच, दातांत कळ आणणारा आवाज निघतो. तो मैदानभर पसरला. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थानं दोन्ही हातांनी टोप धरला. कुठेतरी एक कुत्रा रडायला लागला. झुंबरनं तोंड मिटलं, तरी वरची किंकाळी चालूच राहिली. मिटल्या तोंडानं तो ती ऐकत उभा राहिला. मग ढोल्यानं सगळ्या झांजा एकदम फोडल्या आणि गाणं संपवलं.

*

स्टेजमागच्या पत्र्याच्या खोलीत चौघे बसले होते. कोणीतरी पंखा लावला.

"वरची कोण ओरडली?" खिळ्यानं विचारलं.

"मी," झुंबर म्हणाला.

"तू खालची ओरडलास. मी शेजारीच होतो. वरची कोण?"

"मीच. पण तेव्हाचा."

खिळ्यानं गिटार मांडीवरून खाली ठेवली. "म्हणजे तू ट्रॅक लावलास. आम्हाला न सांगता."

"ते सोड. माझी खाली का लागली? मी बरोबर सुरात होतो. तुम्ही वाजवत होतात त्याच सुरात होतो."

ढोल्यानं तोंडावर टॉवेल घेतला. टॉवेल हलायला लागला. खिळा छताकडे पाहत होता. शेवटी मुका बोलला. तो महिन्यातून एकदा बोलायचा, म्हणून सगळे वळले.

"आम्ही पट्टी उतरवली," मुका म्हणाला. "अर्धा सूर. तुझ्यासाठी. सगळीच गाणी."

"मला न सांगता."

"सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?"

झुंबरला तिघांचं ते हसू आठवलं. "मला वाटलं मधाचा गुण आहे," तो म्हणाला.

ढोल्याचा टॉवेल खाली पडला. तो इतका हसला की त्याला खुर्चीचा हात धरावा लागला. "मध म्हणे. तू चुंबन फेकलंस ना, तेव्हा मी आयुष्यभराचा ताल चुकलो असतो."

खिळा मात्र हसला नाही. "तुला सोपं जावं म्हणून मी दोन दिवस तारा बदलत बसलो. नव्या जाडीच्या, खाली उतरवल्या तरी सैल पडू नयेत म्हणून. आणि तू माझ्या शेजारी भूत आणून उभं केलंस."

"तू माझ्या पायाखालची पायरी कापलीस आणि मला वाटलं मी उंच झालो. त्याचं काय?"

"कापली म्हणूनच चढलास."

"हो, पण चढलो ना?"

खिळ्यानं झुंबरकडे नीट पाहिलं. "चढलास," तो म्हणाला. "चांगली होती. खालची."

दारात साउंडवाला उभा होता, पांढराफटक पडलेला. "दादा, हात वर गेला म्हणून मी सोडली."

"तुझी चूक नाही," झुंबर म्हणाला. "हात माझ्या ऐकण्यातला नाही."

*

सकाळी ताई कोट घेऊन खिडकीत बसली होती. रोजच्यासारखी एकेक काच बोटानं दाबून पाहत होती, कुठे दोरा सैल झालाय का ते. झुंबर तिच्यासमोर चहा घेऊन बसला. टोप ठोकळ्यावर होता आणि त्याचं स्वतःचं डोकं बऱ्याच दिवसांनी उन्हात होतं. बायको कामावर जायच्या तयारीत मोबाइल हातात घेऊन आली.

"कुणीतरी चित्रित केलंय," ती म्हणाली. "पाठवलंय मला. लोक हसतायत. ऐकतोस?"

"मी ऐकलंय. पाच हजार माणसांबरोबर ऐकलंय."

"एकट्यानं ऐक."

तिनं नेमका तो तुकडा लावला. कर्कश आवाज खोलीत भरला. ताईनं डोळे मिटून घेतले. बायकोनं तोच तुकडा परत लावला, मग आणखी एकदा. दुकानात ती असंच करायची. एक भिंग, मग दुसरं, मग पहिलं, आणि प्रत्येक वेळी त्याच शांत आवाजात, आता बरं दिसतं की आधी दिसत होतं?

"खालचा तू?" तिनं विचारलं.

"हो."

"आणि वरचा तेव्हाचा तू." तिनं मान तिरकी केली. "खालचा बरा आहे. माया करून म्हणत नाहीये, मला तुझ्या गाण्यातलं फारसं कळत नाही हे तुला माहीत आहे. पण वरच्याला कुणीतरी टोचल्यासारखं वाटतं. खालच्याला ओरडायचंच होतं असं वाटतं."

झुंबरनं कप खाली ठेवला. त्यानं काखेजवळचा तो व्रण तिला पूर्वी कधीतरी दाखवला होता, पण किंकाळीशी त्याचा संबंध ताई आणि वडील सोडून कुणालाच माहीत नव्हता. मुलाखतींत तो म्हणायचा की किंकाळी अनेक महिने बसवली. इतक्यांदा म्हणून झालं होतं की त्यालाही ते खरं वाटू लागलं होतं.

ताईनं कोटाची डावी बाही उलटी केली, काखेजवळची काच बोटात धरली आणि त्याच्यासमोर सरकवली. झुंबरनं कडेवरून अंगठा फिरवला. कड गुळगुळीत, गोल होती. चाळीस वर्षांत एकदाही टोचली नव्हती. रेकॉर्डच्या वेळी नुसती ओरड लागत नाही म्हणून त्यानं स्टुडिओच्या दारामागे उभं राहून काखेत नख खुपसून घेतलं होतं, हे त्याला एकदम आठवलं. त्या पहिल्या किंकाळीची नक्कल. साउंडवाल्याच्या मशीनमध्ये होती ती हीच.

"बाबा काय म्हणाले होते?" त्यानं विचारलं.

"तुला माहीत आहे," ताई म्हणाली. "चहा निवतोय."

*

टायरच्या दुकानामागच्या खोलीत दुपारी सगळे जमले होते. भिंतींना जुने टायर लावलेले होते, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. खोलीला कायम रबराचा वास. झुंबर टोप न घालता आला. ढोल्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि स्वतःच्या टकलावरून हात फिरवला.

आयोजक वेळेवर आला. इस्त्रीचा शर्ट, हसरा चेहरा, कानात एक यंत्र. कालच्या गोंधळानं तो नाराज नव्हता, उलट खुशीत होता.

"सर, चित्रफीत सगळीकडे फिरतेय," तो म्हणाला. "पैसे देऊनही अशी जाहिरात होत नाही. आणि अडचण अशी आहे की, खरं सांगू का, अडचणच नाही. तुम्ही ट्रॅक लावताच. मग पट्टी पुन्हा मूळ जागी न्या, किंकाळी मशीनमधून, तुम्ही नुसता हात वर करा. रोज एकसारखी. चूक होण्याचा प्रश्नच येत नाही. लोकांना तीच हवी असते, रेकॉर्डवरची."

"सगळेच करतात," तो खिळ्याकडे वळून म्हणाला. खिळ्यानं तारेला सूर देण्याचं सोंग केलं.

झुंबरनं तिघांकडे पाहिलं. ढोल्याच्या हातात काठ्या होत्या आणि त्या एकमेकींवर हलकेच घासल्या जात होत्या. दौरा नको म्हटलं तर ढोल्या उद्या परत टायर बदलायला बसणार होता, खिळा मुलांची बोटं गिटारच्या पडद्यांवर ठेवणार होता. दोघंही त्याला दोष देणार नव्हते, आणि हेच जास्त जड होतं. मुका भिंतीला टेकून उभा होता. नजरानजर झाल्यावर त्यानं खांदे उडवले. त्या खांद्यांचा अर्थ झुंबर चाळीस वर्षं वाचत आला होता: तू ज्या सुरात गाशील त्याच्या खाली मी आहे.

"खिळ्या," झुंबर म्हणाला, "कालच्याएवढीच उतरवलेली आहे ना?"

"अजून तशीच आहे."

"आणखी अर्धा उतरव."

खिळ्यानं गिटारच्या चाव्या पिळल्या. मुक्यानंही. ढोल्यानं काठ्या शांत केल्या. आयोजक काहीतरी बोलणार होता, पण खिळ्यानं 'पारा'चा शेवटचा भाग सुरू केला आणि त्या खोलीत बोलणं अशक्य झालं. नवी पट्टी जाड होती, छातीत लागत होती, जणू गाणं इतकी वर्षं टाचांवर उभं होतं आणि आता पाय टेकून उभं राहिलं. झुंबरनं डावा हात मुद्दाम खिशात घातला. ओळ आली. तो ओरडला.

टायर थरथरले. दुकानातल्या पोऱ्यानं दार उघडून आत पाहिलं आणि परत लावलं. किंकाळी लांब टिकली, वर चढली नाही, पण पसरत गेली, आणि जिथे संपायची तिथे त्यानं ती संपवली. काही तुटलं नाही. खिशातला हात खिशातच होता.

आयोजक कानातलं यंत्र बोटांनी नीट बसवत होता. "सर, छान आहे," तो म्हणाला. "पण ती नाहीये ही."

"ती नाहीच आहे," झुंबर म्हणाला.

त्यानं माइक स्टँडवरून काढला. एवढ्याशा खोलीत त्याची गरज नव्हती, पण कोपऱ्यात मशीनपाशी बसलेल्या साउंडवाल्याला, तिघांना, आयोजकाला आणि दाराआडच्या पोऱ्यालाही एकाच वेळी ऐकू जावं असं त्याला वाटलं. आवाज चढवला नाही. घरात चहाला हाक मारावी तसा तो बोलला.

"'पारा' आजपासून एक सूर खाली. किंकाळी मी मारणार, या वयाला जशी निघेल तशी, आणि पहिल्या दिवशी स्टेजवरून लोकांना हे मीच सांगणार. मशीनमधली ती पुसून टाक. यावर दौरा होणार असेल तर आमचा होकार आहे, आणि नसेल तर आम्ही पूर्वीसारखे जमेल तिथे वाजवू."